विहिरीची पाळी, रात्रीची लाईट आणि मध्यस्थी – निवृत्तीनंतर मी जे काम करते त्याबद्दल

निवृत्त_भूगोल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहायला बसलेय. मागच्या आठवड्यात इथे कुणीतरी विचारलं होतं की बांधाच्या, पाण्याच्या भांडणात कोर्टाशिवाय काही मार्ग असतो का, त्याला उत्तर लिहायला घेतलं आणि ते एवढं लांबलं की म्हटलं वेगळाच धागा काढावा.

मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॉलेजात 31 वर्षं भूगोल शिकवला. 2017 ला साठ पूर्ण झाली, रिटायर झाले. आता पीएलव्ही म्हणून काम करते, म्हणजे विधी स्वयंसेवक. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली प्रत्येक तालुक्याला कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते, तिच्यासाठी गावागावात जाऊन लोकांना माहिती द्यायची, कागद कुठे मिळतो ते सांगायचं, गरज असेल त्याला फुकट वकील मिळवून द्यायला मदत करायची. ही योजना 2009 पासूनची आहे आणि तिच्यात निवृत्त शिक्षकांना आवर्जून घेतात. वकिली यावी लागत नाही. पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं काम म्हणजे मध्यस्थी, आणि त्याबद्दलच लिहायचंय.

सुरुवात नकाशावरून झाली. लोक गटाचा नकाशा घेऊन यायचे, मॅडम जरा वाचून सांगा आमची हद्द कुठनं जाते. मी स्केलपट्टी घेऊन बसायची, समजावून सांगायची, माणूस मान डोलवायचा आणि घरी जाऊन परत भांडायचा. पाच-सहा वेळा असं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की नकाशा त्याला माझ्याइतकाच कळतोय. भांडण नकाशात नाहीच.

एक प्रकरण सांगते. दोघांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

दोन चुलत भाऊ, आजोबांची एक सामाईक विहीर, दोघांचा ऊस. आजोबांनीच घालून दिलेली पाळी, एक आठवडा ह्याचा एक आठवडा त्याचा. अकरा वर्षं दावा चालू, एकमेकांवर मनाई हुकूम मागितलेला, दोनदा स्टार्टरची पेटी फोडलेली, पोलिसात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. थोरल्याचं एकच म्हणणं, धाकटा माझं पाणी मारतो. धाकट्याचं म्हणणं, पाळी आज्ज्यानं लावलीय, मी एक तास जास्त घेत नाही, वही दाखवतो. आणि वही खरंच चोख होती! तारीख, वेळ, सही.

पहिल्या दोन बैठकांत काहीच पुढे सरकलं नाही. मग मी दोघांना वेगवेगळं भेटले, ह्या कामात ते करावंच लागतं, काही गोष्टी माणूस दुसऱ्यासमोर बोलतच नाही. थोरला अर्धा तास इकडचं तिकडचं बोलला आणि मग खाली बघून म्हणाला, "मॅडम, मला रात्रीचं पाण्याला, दारं धरायला जायचं भ्या वाटतं. बिबट्या दोनदा दिसलाय. बायको बॅटरी घिऊन बांधाव उभी ऱ्हाती. पर हे कुणाला सांगू नगा."

आता वेगळ्या भेटीत सांगितलेलं त्या माणसाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही, हा ह्या कामातला पहिला नियम. मी विचारलं, एवढं सांगू का त्याला? तर नाही म्हणाला. गडी माणूस रात्रीला भितो हे गावात कळलं तर काय राहिलं, असं त्याच्या डोक्यात.

घरी आले, रात्रभर विचार करत होते. आमच्या भागात तेव्हा शेतीच्या फीडरला एक आठवडा दिवसा लाईट आणि एक आठवडा रात्री असं चक्र होतं. आणि विहिरीची पाळी पण आठवड्याचीच! म्हणजे एकदा ज्याच्या आठवड्याला रात्रीची लाईट लागली त्याला ती कायमचीच लागली, चक्र कधी फिरणारच नाही. आज्ज्यानं पाळी लावली तेव्हा विहिरीवर डिझेल इंजिन होतं, दिवस काय रात्र काय, त्याला लाईटशी देणंघेणं नव्हतं. पुढे मोटर बसली आणि त्या न्यायाच्या पाळीत अन्याय येऊन बसला, कुणीही काहीही वाईट न करता.

खरं सांगते, 31 वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेल्या माणसाला अशा वेळी गप्प बसणं फार जड जातं. उत्तर माझ्या हातात होतं. पण मी सांगितलं असतं तर ते मॅडमचं उत्तर झालं असतं आणि धाकट्याला वाटलं असतं मॅडम थोरल्याकडून बोलतात. म्हणून पुढच्या बैठकीत मी फक्त एक मोठा कागद, दोन रंगांचे खडू आणि धाकट्याची ती वही मध्ये ठेवली. म्हटलं गेल्या तीन महिन्यांची पाळी काढा ह्यावर, आणि वरच्या ओळीत लाईट कधी दिवसा होती कधी रात्री तेही भरा. दोघं एका कागदावर वाकून भरत होते, अकरा वर्षांत पहिल्यांदा एवढ्या जवळ बसलेले.

सहावा आठवडा भरताना धाकट्याचा हात थांबला. खडू तसाच धरून म्हणाला, "आरं, तुझी समदी रातच हाय की."

थोरला काही बोलला नाही. धाकटाच म्हणाला की आठवडा निम्मा निम्मा करू. सोमवार ते गुरुवार दुपारपर्यंत एक भाऊ, तिथनं रविवारपर्यंत दुसरा, म्हणजे दिवसाचा आठवडा आला की दोघांना दिवस आणि रात्रीचा आला की दोघांना रात्र. आणि रात्रीच्या आठवड्यात दोघांनी मिळून जायचं, हे त्यानं स्वतःहून जोडलं. बिबट्याचं नाव कुणी काढलं नाही.

ज्यांनी हे काम केलंय, किंवा ज्यांचं भांडण असं कुणी बसवून मिटवलंय (किंवा मिटवताना बिघडवलंय), त्यांनी लिहा. मला अजून शिकायचंय.

---

कोरडवाहू

मॅडम वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं पण हाच प्रॉब्लेम आहे फक्त आमची पाळी चार-चार दिवसाची आहे त्यामुळं चक्र फिरतं तरी, पण हे असं गणित असू शकतं हे डोक्यात आलंच नव्हतं कधी. आमच्या गावात वेशीवर अजून तंटामुक्त गाव म्हणून बोर्ड आहे, समिती आहे का नाही कुणाला माहीत नाही. ती समिती आणि तुम्ही म्हणताय ते एकच का?

---

निवृत्त_भूगोल

@कोरडवाहू, एकच नाही पण नातं आहे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. ग्रामसभेत समिती निवडायची, गावातले दिवाणी, महसुली, फौजदारी तंटे नोंदवायचे, जे कायद्यानं मिटवता येतात ते सामोपचारानं मिटवायचे, आणि गाव पात्र ठरलं तर लोकसंख्येप्रमाणे एक लाखापासून दहा लाखापर्यंत बक्षीस. मीही कॉलेजात असताना आमच्या गावच्या समितीत होते. कल्पना फार चांगली, आणि किरकोळ मारामाऱ्या, शिवीगाळ, गुरं शेतात घुसली असले कितीतरी तंटे त्या काळात आमच्याकडे मिटले, पोलिसपाटलांचे हेलपाटे वाचले.

पण आमच्या चावडीत एक सवय पडली होती ती मला तेव्हाच खटकायची. वीस माणसं गोल बसायची, दोघांना मध्ये उभं करायचं, वडीलधारी माणसं दोघांना झापायची आणि मग विचारायचं मिटलं का? वीस जणांसमोर नाही कोण म्हणणार. रजिस्टरला नोंद, चहा, संपलं. ते मिटणं चावडीच्या पायरीपर्यंतच टिकायचं. मी आता तीन खुर्च्या मांडते, शक्यतो सारख्या उंचीच्या, आणि चौथं माणूस खोलीत नको. एवढ्या एका बदलानं माणसं वेगळं बोलतात.

---

मोडीवाचक

सुंदर लेख. थोडं अवांतर होईल पण राहवत नाही. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे तंटे गोतसभेपुढे चालायचे, गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आसपासच्या गावचे लोक सगळे बसायचे आणि निवाड्याचा कागद व्हायचा त्याला महजर म्हणत. त्या महजरांवर लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या असतात, नांगर काढलेला असतो, बलुतेदारांनी आपापल्या हत्यारांच्या खुणा केलेल्या असतात, बघायला फार गोड वाटतं. पण हरलेल्या बाजूकडून येजितखत लिहून घेत, म्हणजे मी खोटा ठरलो असं त्यानं स्वतःच लिहून द्यायचं. जिंकणाऱ्यानं हरकी नावाची रक्कम भरायची आणि हरणाऱ्यानं गुन्हेगारी नावाचा दंड. म्हणजे आपल्याकडे गावानं बसून न्याय करायची परंपरा जुनी आहे खरी, पण तो निवाडाच होता. एक खरा एक खोटा. मॅडम म्हणतात त्यात येजितखत कुणीच लिहून देत नाहीये, हा फरक मला आत्ता हे वाचताना जाणवला.

---

निवृत्त_भूगोल

@मोडीवाचक, अहो अवांतर कसलं, मला हे माहीतच नव्हतं! येजितखत हा शब्द वहीत लिहून ठेवला. गावात अजूनही लोक माझ्याकडे येतात ते त्याच अपेक्षेनं, मॅडम तुम्ही सांगा कोण खरं. त्यांना निवाडा हवा असतो. पहिला अर्धा तास तेच समजावण्यात जातो.

---

तालुका_वकील

मॅडमना नमस्कार. कामाची कदर आहेच पण वकील म्हणून चार गोष्टी लिहितो कारण लोक धागा वाचून उत्साहात स्टॅम्पपेपरवर सह्या करून मोकळे होतील आणि मग माझ्याकडे येतील.

गावात बसून जे लिहून घेतलं ते न पाळल्यास थेट अंमलबजावणी होत नाही, परत दावाच लावावा लागतो. 2023 चा मध्यस्थी कायदा आहे, त्यात सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे, कलम 43 आणि 44, तीन मध्यस्थांचं पॅनेल, त्यात समाजात मान असलेली माणसं, रहिवासी संघाचे प्रतिनिधी वगैरे घेता येतात. पण त्यातही स्पष्ट लिहिलंय की असा करार परिसरात शांतता राहावी म्हणून आहे, दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येणार नाही. त्यामुळे ठरलेलं पक्कं करायचं असेल तर दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे दावा लावायच्या आधीच, लोकअदालतीत ठेवा. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच, त्यावर अपील नाही, आणि कोर्ट फी नाही. दावा आधीच चालू असेल तर त्याच कोर्टात तडजोड दाखल करा, अकरा वर्षांच्या दाव्यात तेच केलं असणार मॅडमनी.

दुसरं, मुदत. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह अडवला असेल तर मामलेदार न्यायालय कायदा 1906 खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. गावात बैठका चालू आहेत म्हणून ते घड्याळ थांबत नाही. मी एका अशिलाची केस अशीच मुदतीबाहेर गेलेली बघितलीय, सात महिने नुसते चहा पीत बसले होते.

तिसरं, ज्यांचं असं अदलाबदलीचं आहे की पहिल्याच्या नावावरची जमीन दुसरा कसतोय आणि दुसऱ्याच्या नावावरची पहिला, त्यांनी सलोखा योजनेबद्दल तलाठ्याकडे विचारा. जानेवारी 2023 चा शासन निर्णय आहे, ताबा किमान 12 वर्षांचा हवा, पंचनामा होतो, आणि अदलाबदल दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 आणि नोंदणी फी 1000 एवढंच. योजना मुदतीची आहे त्यामुळे आज चालू आहे का तेही तिथेच विचारा. भावाभावांत दोन पिढ्या लोंबकळत पडलेली प्रकरणं ह्यात सुटतात.

---

अर्धा_हिस्सा

मला हा धागा वाचून सगळे करतायत तसं कौतुक करता येत नाहीये, सॉरी. माझ्या बहिणीचं सासर खेड्यात आहे. तिला मारहाण व्हायची. तीन वेळा गावातल्या प्रतिष्ठित लोकांनी "बसून मिटवलं". प्रत्येक वेळी तिला परत नांदायला पाठवलं, प्रत्येक वेळी नवऱ्यानं सगळ्यांसमोर पाया पडून माफी मागितली आणि मोठ्या माणसांना आपण फार चांगलं काम केल्यासारखं वाटलं. चौथ्या वेळी तिचा हात मोडला. सामोपचार, तडजोड, मध्यस्थी हे शब्द ऐकले की मला ती चावडी दिसते. दोन सारख्या माणसांत मध्यस्थी होते. एकाच्या हातात काठी असेल तर ती मध्यस्थी नाही. मॅडम, तुमचं काय म्हणणं आहे ह्यावर?

---

निवृत्त_भूगोल

@अर्धा_हिस्सा, तू सॉरी म्हणू नकोस. तुझं बरोबर आहे आणि हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं.

मारहाण आहे तिथे मी मध्यस्थीला बसत नाही. दोन्हीकडचे हात जोडत आले तरी नाही. तिथे माझं काम वेगळं, त्या बाईला 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सांगायचा, संरक्षण अधिकाऱ्याकडे घेऊन जायचं, 181 नंबर द्यायचा, आणि विधी सेवा समितीकडून वकील तिला फुकट मिळतो हे सांगायचं. बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, नवरा बागायतदार असला तरी, हे कित्येकींना माहीत नसतं. 15100 ह्या नंबरवरही विचारता येतं. तसंच ॲट्रॉसिटी, लहान मुलांवरचे अत्याचार, बालविवाह, ह्यात "बसून मिटवू" म्हणणाऱ्यांना मी उठवून लावलंय. आणि जातपंचायतीनं वाळीत टाकलं असेल तर त्याच्यासाठी आपल्या राज्यात 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तो गुन्हा आहे, पंचांशी बोलणी करायचा विषयच नाही.

पण एवढं लिहून मी सुटत नाही, कारण माझ्या हातून एक झालंय.

2019 मध्ये एका घरातलं वाटप माझ्याकडे आलं. तीन भाऊ एक बहीण. भावाभावांत जोरदार वाद, कुणाला रस्त्याकडचा तुकडा, कुणाला विहीर. बहीण लग्न करून दिलेली, बैठकीला यायची, कोपऱ्यात बसायची. चार बैठका झाल्या, भावांचं जमलं, आणि बहीण म्हणाली मी हक्कसोड देते, मला काही नको, माझं माहेर राहू दे. सगळ्यांचे डोळे पाणावले. माझेही. मी त्या दिवशी घरी येऊन खूश होते.

सहा महिन्यांनी ती मला एसटी स्टँडवर भेटली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला एकदा पण एकटीला विचारलं नाही."

थोरल्याला मी एकट्याला भेटले होते, मधल्याला, धाकट्याला, सगळ्यांना. तिला नाही. कारण तिची तक्रारच नव्हती ना! जी भांडत नाही तिचं काही म्हणणं नसेल असं मी धरून चालले. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे, हे मला पाठ होतं आणि मी ते त्या खोलीत मोठ्यानं बोलले नाही, वातावरण बिघडेल म्हणून. तिचं घर तेव्हा अडचणीत होतं, मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती, आणि तिनं माहेर तुटेल ह्या भीतीनं सही केली. दस्त नोंदलेला होता. मी तिला वकिलाकडे घेऊन गेले पण ती पुढे काही करायला तयार नव्हती.

तेव्हापासून माझी एक पद्धत आहे, जो सगळ्यात कमी बोलतो त्याला मी सगळ्यात आधी एकट्याला भेटते. आणि बाईचा हक्क सोडायचा विषय आला की मी बैठक तिथेच थांबवते, तिला तिच्या वेगळ्या वकिलाकडे पाठवते आणि पंधरा दिवसांनी परत विचारते. भाऊ चिडतात. चिडू देत.

तुझी बहीण आता कशी आहे?

---

अर्धा_हिस्सा

वेगळी राहते आता, पोटगीचा आदेश झालाय, ब्लाउज शिवते, बरी आहे. तुम्ही हे लिहिलंत ते वाचून तिला फोन केला मी. थँक्यू मॅडम.

---

बेएरियाकर

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ राहतो, तिथे 1976 पासून कम्युनिटी बोर्ड्स म्हणून संस्था आहे, शेजाऱ्यांच्या भांडणात स्वयंसेवक मध्यस्थ बसतात. मी ट्रेनिंग घेतलंय. इथे कॅलिफोर्नियात 1986 च्या कायद्याने कोर्टातल्या फायलिंग फीचा छोटा हिस्सा अशा केंद्रांसाठी वापरता येतो, ही आयडिया मला फार आवडते, कोर्टात जाणाऱ्याच्या पैशातून कोर्टाबाहेरचं काम चालतं. पण आपले लोक तिथे यायला तयार नसतात, घरातलं बाहेर कशाला म्हणतात, आणि मग भारतातल्या आईवडिलांना फोन करून तासन् तास तेच बोलतात. मॅडम, सुनेकडे राहायला आलेले आजीआजोबा आणि तरुण जोडपं ह्यांच्यात कधी बसला आहात का तुम्ही? मला त्याबद्दल वाचायला आवडेल.

---

निवृत्त_भूगोल

@बेएरियाकर, बसलेय, पण ते सगळं अजून ताजं आहे आणि माणसं ओळखू येतील, म्हणून इथे नाही लिहीत. एवढंच सांगते की तिथे बहुतेक वेळा भांडण स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागेवरून चालू असतं आणि कुणी तरी परत गावी जायचं तिकीट मागत असतं.

---

तिसरा_मजला

मॅडम शेतीचं नाही पण विचारू का. डोंबिवलीत राहतो, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून आमच्या बेडरूममध्ये गळती, दोन वर्षं झाली. वर निवृत्त काका काकू आहेत, ते प्लंबरला टाईल्स फोडू देत नाहीत. सोसायटीच्या उपविधीत स्पष्ट आहे की आतल्या संडास-बेसिनची गळती ज्याची त्याने स्वखर्चाने काढायची, पावसाची आणि बाहेरच्या कॉमन पाईपची सोसायटीने. मी तो नियम प्रिंट काढून त्यांच्या दारावर चिकटवला. आता ते आमच्याशी बोलत नाहीत, मुलीला लिफ्टमध्ये बघून तोंड फिरवतात. सहकार न्यायालयात जायचं चाललंय डोक्यात.

---

निवृत्त_भूगोल

@तिसरा_मजला, जायचा हक्क तुम्हाला आहेच. त्याआधी तीन गोष्टी विचारते. टाईल्स फोडायला नको म्हणतात म्हणजे नेमकं काय नको, खर्च नको, धूळ नको, की आठ दिवस बाथरूम बंद राहील ते नको? त्यांच्या घरी दुसरं बाथरूम आहे का? आणि दारावर नियम चिकटवायच्या आधी तुम्ही त्यांच्याकडे शेवटचं कधी गेला होतात, गळती सोडून दुसऱ्या कशासाठी?

---

तिसरा_मजला

दुसरं बाथरूम नाही, वन बीएचके आहे. बाकीचं माहीत नाही. विचारलंच नाही कधी.

---

तिसरा_मजला

अपडेट देतोय. काल संध्याकाळी बायकोला घेऊन वर गेलो, आधी दारावरच्या कागदाबद्दल माफी मागितली. काकांनी दार उघडलं पण आत या म्हणाले नाहीत, पाच मिनिटं दारातच. मग काकू आतून आल्या, वॉकर घेऊन. मागच्या वर्षी पाय घसरून खुबा मोडला होता त्यांचा, ऑपरेशन झालंय, कमोडला दांडी बसवून घेतलीय आणि ते बाथरूम आठ दिवस बंद झालं तर त्या जाणार कुठे हा प्रश्न आहे. आम्हाला एकाच जिन्यावर राहून हे माहीत नव्हतं. बायको म्हणाली आठ दिवस आमच्याकडचं वापरा, तर काका म्हणाले लिफ्ट बंद पडली तर. अजून काही ठरलेलं नाही. खर्चाबद्दल तर बोललोच नाही. पण रविवारी परत या म्हणाले, चहाला.

---

निवृत्त_भूगोल

रविवारी जाताना प्लंबरला नेऊ नका. काकूंना विचारा की आमच्या बाथरूममध्ये दांडी कुठे आणि किती उंचीवर लावावी लागेल. आणि कळवा इथे.